काशीला सोडलेला नारळ

“दीदी, डाब?” असं विचारत त्या बाईने कोयत्याने शहाळ्याचा शेंडा उडवला, नळी खोचली आणि शहाळं थेट माझ्या सासूबाईंच्या हातात दिलं. आईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं, देवळातल्या प्रसादासारखं कपाळाला टेकवलं आणि माझ्याकडे सरकवलं.

“तू घे. मला चालत नाही, तुला ठाऊक आहे की.”

मला ठाऊक नसणार तर कुणाला? मी मुकाट्याने शहाळं घेतलं आणि त्यांच्याकडे पाठ करून प्यायले.

पंधरा वर्षं झाली त्या दिवसाला. अप्पांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, वर्षश्राद्ध उरकल्यावरही आई घराबाहेर पडायचं नाव काढत नव्हत्या, म्हणून माझ्या नवऱ्याने, हेमंतने, आम्हा सगळ्यांना अंदमानला आणलं होतं. पोर्ट ब्लेअरला तुरुंग बघून झाला, तिथे आईंचं मनसोक्त रडून झालं, दोन संग्रहालयं झाली. मग बोटीने हॅवलॉक बेटावर आलो. त्या दिवशीचा कार्यक्रम होता तो नुसता सुखात लोळण्याचा. एका लहान किनाऱ्यावर जायचं, तिथे रस्ता नाही, होडीनेच जावं लागतं. पांढरी वाळू, पाण्यात शिरलेली झाडं, आडवे पडलेले मोठमोठे ओंडके, आणि पाण्याचा रंग असा की आमची ऋजू म्हणाली, “बाबा, यात कुणीतरी शाई टाकलीय.” आमच्यासारखीच पाचपन्नास माणसं, चारदोन टपऱ्या, आणि त्यातल्या एकीवर ही डाबवाली बंगाली बाई.

आता नारळाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी गुहागरची. आमच्याकडे नारळाशिवाय स्वयंपाकघरातलं पान हलत नाही. सासर सोलापूरचं. तिथे राज्य शेंगदाण्याच्या कुटाचं. लग्नानंतर पहिली दोन वर्षं आमच्या घरात उघड भांडण कधीच झालं नाही, पण मी काकडीच्या कोशिंबिरीत खोबरं घातलं की दुसऱ्या दिवशी तिच्यात मूठभर कूट हजर असायचं. आई तोंडाने काही म्हणायच्या नाहीत. मीही म्हणायची नाही. कोकणातल्या माणसाला न बोलता भांडता येतं, आणि सोलापूरकरही काही कमी नाहीत हे मला तिथे कळलं.

तिसऱ्या वर्षी आई आणि अप्पा काशीला गेले. मी तेव्हा आजारपणातून उठून विश्रांतीला गुहागरला गेले होते. परत आले तेव्हा हेमंतने हसत हसत बातमी दिली. काशीला गेलं की आपली एक आवडती वस्तू गंगेत सोडायची, पुन्हा जन्मात खायची नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. तर अप्पांनी सोडलं होतं कारलं, आणि आईंनी नारळ. कारलं अप्पांना जन्मात कधी आवडलं नव्हतं. पानात वाढलं तर ते हळूच ताटाखाली सरकवायचे. त्यांनी देवाला सरळसरळ गुंडाळलं होतं आणि स्वतःच ते चारचौघांत सांगून हसायचे. त्यावरून आईंच्या नारळाचं मला कळायला कितीसा वेळ लागणार? नावडतं ते देवाच्या पदरात. तेही बरोबर माझं खोबरंच. सुनेच्या हातचं खायला नको, आणि नाही म्हणायचा वाईटपणाही नको. साक्षात विश्वेश्वराला मध्ये घातलं बाईंनी, असं मी बहिणीला फोनवर म्हटल्याचं मला आठवतं.

तेव्हापासून आमच्या घरी रोज दोन पातेल्यांत आमटी. एक बिनखोबऱ्याची, आईंची. सोलकढी झाली की त्या ताक घ्यायच्या. नारळीपौर्णिमेला मी भात करायची, तो त्या सगळ्यांना आग्रहाने वाढायच्या आणि स्वतः दहीभात कालवायच्या. काळ्या मसाल्यातलं सुकं खोबरंसुद्धा त्यांनी बंद करवलं. मी हसतमुखाने सगळं करत होते, मनातून नाही.

तर त्या दिवशी. येताना होडीत आईंना मळमळलं होतं, पण किनाऱ्यावर उतरून ओंडक्यावर बसल्यावर त्या सावरल्या. ऋजू पाण्यात शिरली. दर मिनिटाला आई तिला हाक मारत होत्या. “ऋजू, लांब जाऊ नको गं. ऋजू, बाबाचा हात धर.”

“आई, गुडघाभर पाण्यात आहे ती,” मी म्हटलं.

“असू दे. पाणीच ते.”

मग काचेच्या तळाची बोट आली. तिच्यात बसलं की खालची प्रवाळं आणि मासे दिसतात. ऋजूने हट्ट धरला. मी आईंजवळ थांबले आणि हेमंत तिला घेऊन गेला. आई उठून उभ्या राहिल्या आणि बोट किनाऱ्याच्या टोकाच्या टेकाडापलीकडे वळेपर्यंत बघत राहिल्या. खाली बसल्या त्या एकदम घामाघूम होऊन.

त्यानंतर त्यांना उलट्या सुरू झाल्या. सकाळचा नाश्ता गेला, मग चहा, मग मी पाजलेलं पाणी. पुन्हा पाणी दिलं, तेही घोटभर आत राहीना. आमची बाटली संपली. ओंडक्यावरून त्या वाळूत आडव्या झाल्या आणि मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. ओठ कोरडे पडले होते आणि हात गार लागत होते. वरून ऊन, आणि समुद्रावरून मघापर्यंत नव्हता तो वारा सुटला होता.

गर्दीतून एक गृहस्थ अर्ध्या विजारीतच धावत आले. अकोल्याचे डॉक्टर वानखडे.

“मी दातांचा डॉक्टर आहे, आधीच सांगतो. पण नाडी समजते मला.” त्यांनी नाडी धरली, हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती चिमटीसारखीच उभी राहिली. “अंगातलं पाणी गेलं आहे मावशींच्या. लवकर काहीतरी आत जायला पाहिजे, नाहीतर कठीण होऊन जाईल.”

“होडीने परत नेऊ का?”

“आत्ताच विचारून आलो. वारा पडल्याशिवाय एकही होडी सोडत नाहीत ते. तास, दोन तास, काही सांगता येत नाही म्हणतात.”

“आणि ज्या बोटी बाहेर आहेत?”

डॉक्टर जरा घुटमळले. “त्या कुठे आडोशाला थांबल्या असतील.”

मी टेकाडाकडे पाहिलं. मघाचं शाईसारखं पाणी आता करडं झालं होतं आणि त्यावर पांढरे तुरे उठत होते. बोट कुठेच नव्हती.

डॉक्टरांनी टपऱ्यांवर प्यायचं पाणी विचारलं. ते सकाळी होडीने यायचं आणि त्या दिवशीचं केव्हाच संपलं होतं. तेवढ्यात ती डाबवाली बाई हातात सोललेलं शहाळं घेऊन आली. “माँजी को ये पिलाओ. पेट में रहेगा.”

“बरोबर बोलते बाई,” डॉक्टर म्हणाले. “सलाईन झाडाला लटकलं आहे आणि आपण पाणी शोधतो आहोत. चमच्या-चमच्याने पाजा. मी होडीवाल्यांकडे बघतो.” आणि ते किनाऱ्याकडे गेले.

मी नळी आईंच्या ओठांना लावली. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

“आई, औषध म्हणून घ्या.”

त्यांनी मान हलवली.

“देवालासुद्धा कळतं आई, आजारपणात सगळं चालतं.”

“नको.” आवाज इतका बारीक होता की मला वाकावं लागलं. “आज तर नकोच.”

माझा तोल गेला. अकरा वर्षं आत कोंडलेलं सगळं बाहेर आलं, आणि तेही अशा वेळी. “आई, हे मी वाटलेलं नाही. झाडावरचं आहे. माझा हातसुद्धा लागला नाही याला. आता तरी प्या.”

आईंनी डोळे उघडले. “तुझ्या हाताचं काय मध्येच?”

“माझ्या हातचं खोबरं नको होतं म्हणूनच सोडलंत ना नारळ?”

एवढ्या आजारपणातही त्यांच्या कपाळाला आठी पडली. “खुळी का काय तू? नको असलेलं कुणी सोडतं होय देवाला?”

“अप्पांनी सोडलं की.”

“त्यांचं सोड. ते तसलेच.” त्यांनी दम घेतला. “तू आलीस आणि मला चटक लागली त्या खोबऱ्याची. तू शाळेत शिकवायला गेलीस की डब्यातलं ओलं खोबरं बशीत घ्यायची, वर गूळ, आणि ओट्याशी उभं राहून खायची मी. चोरून. तू मोठेपणा मिरवशील म्हणून तुझ्यासमोर नाही. त्यांना विचार हवं तर.” बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की अप्पांना आता विचारता येणार नाही.

तेव्हा मला वाटायचं, खोबरं इतक्या लवकर कसं संपतं, आणि मी हेमंतवर संशय घ्यायची.

“मग सोडलंत कशासाठी?”

“ऋजू आली का?”

“येईल. हेमंत आहे बरोबर. सोडलंत कशासाठी, आई?”

त्यांनी मान समुद्राकडे वळवली. “दुसऱ्यांदा तुझं पोट रिकामं झालं तवा तू भिंतीकडं तोंड करून पडून असायचीस. जेवायला बोलावलं की यायचीस, जेवून परत भिंत. मला कुठं बोलता येतं तुमच्यासारखं? तुझ्या पाठीवरनं हात फिरवावा म्हटलं, तर तू दचकायचीस. मग तुझ्या माहेरच्यांनी नेलं तुला. मी यांना म्हटलं, चला काशीला. गंगेत उभी राहिले आणि म्हटलं, बाई, मला सगळ्यात गोड लागतं ते तू घे, आणि तिच्या पोटचं तिला राहू दे.”

वाऱ्याने वाळू उडत होती. मी पदराने त्यांचा चेहरा झाकला, खरं तर माझाच झाकायचा होता.

“वर्ष झालं नाही तर ऋजू झाली,” त्या म्हणाल्या.

“मला कधी सांगितलं का नाहीत?”

“सांगायचं काय त्यात? पोर तुझं. तुला जन्मभर वाटत राहायचं, सासूनं काहीतरी सोडलं म्हणून झालं. उगं ओझं. आणि नारळ सोडून का पोरं होतात?”

“नाही होत. मग प्या ना हे.”

त्यांनी माझा हात धरला. गार आणि ओला होता तो हात. “सुनेत्रा, ती पाण्यात आहे.”

मी शाळेत भूगोल शिकवते. वारे का सुटतात हे मी फळ्यावर बाण काढून मुलांना समजावते. आमच्या घरातली संकष्टी मी साबुदाण्याच्या खिचडीसाठी करते, हे मी कुणापासून लपवलेलं नाही. असं काही नसतं आई, एवढं चार शब्दांचं वाक्य मला त्या क्षणी बोलायचं होतं. मी समोर पाहिलं. करडं पाणी, पांढरे तुरे, आणि बोट नाही. ते चार शब्द माझ्या तोंडातून फुटले नाहीत. मांडीवर एक जीव हळूहळू सुकत चालला होता, समुद्रावर दुसरा होता, आणि मलाही भीती वाटत होती, अगदी आईंना वाटत होती तशीच आणि तेवढीच.

“मी घेते,” मी म्हटलं.

“काय?”

“तुमचं सोडलेलं. आजपासून नारळ मी सोडला. तुमचा सुटला. देवाचा हिशेब तेवढाच राहिला, नाव फक्त बदललं.”

“असं करता येत नाही. काशीचं आहे ते. तिथं गंगेत उभं राहून—”

“गंगा पुढे कुठे जाते?”

“समुद्राला.”

“कुठल्या समुद्राला? याच. बंगालचा उपसागर. सातवीला आहे हा धडा. तुम्ही काशीला जे सोडलंत, ते वाहत वाहत इथेच आलं आहे.”

आई विचार करत होत्या. डोळे मिटलेले होते, पण त्या विचार करत होत्या हे मला कळत होतं. मिरचीवाल्याशी घासाघीस करताना त्या अशाच गप्प होतात. “खरं सांगतीस?”

“नकाशात दाखवीन.”

“तू खोबऱ्याशिवाय राहशील? मरशील की.”

“राहवणार नाही. म्हणून तर सोडते.”

मग त्यांनी माझा हात सोडला. “जा. पाण्यात उभी राहून नीट म्हण. तिचं नाव घेऊन म्हण.”

त्यांचं डोकं डाबवालीच्या मांडीवर देऊन मी पाण्यात गेले. साडी पोटऱ्यांपर्यंत भिजली. लाट आली तशी वाकून ओंजळ भरली. मंत्र मला येत नव्हता. मी म्हटलं, माझी ऋजू आणि माझ्या सासूबाई, दोघी मला पाहिजेत, मी नारळ सोडला. मग हेमंत राहिला हे लक्षात आलं, म्हणून पुन्हा ओंजळ भरून त्याचंही नाव घेतलं. परत आले तेव्हा आई डोळे उघडे ठेवून माझ्याकडेच पाहत होत्या.

“म्हटलंस?”

“म्हटलं.”

त्यांनी तोंड उघडलं. मी नळी लावली. पहिला घोट त्यांनी कितीतरी वेळ तोंडातच धरला. मला वाटलं थुंकतात. मग तो घशाखाली गेला. आम्ही दोघी, मी आणि ती डाबवाली, त्यांच्या गळ्याकडे बघत बसलो. काही झालं नाही. दुसरा घोट गेला, तोही टिकला. अर्धं शहाळं असं घोटाघोटाने गेलं तेव्हा त्यांच्या ओठांवर जरा ओल आली आणि त्या म्हणाल्या, “गोड आहे गं.” मला रडू फुटलं. त्यांनी मला रडू दिलं.

डॉक्टर परत आले, नाडी बघितली आणि म्हणाले, “आता बरं आहे. दुसरं आणा.” दुसरं शहाळं निम्मं झालं असेल, तेव्हा किनाऱ्यावर कुणीतरी शीळ घातली. टेकाडाच्या आडून काचेच्या तळाची बोट बाहेर येत होती, वरखाली हेलकावत, पण येत होती. मी मटकन वाळूत बसले. आईंनी कोपर टेकून उठायचा प्रयत्न केला.

“पुढच्या बाजूला लाल टोपी आहे बघ. तिची आहे का?”

“तिचीच आहे.”

“हात हलवतीय.”

“हो.”

“मग नीट धरून बस म्हणावं, हात काय हलवती,” आई म्हणाल्या आणि पुन्हा आडव्या झाल्या.

त्यांची बोट पलीकडच्या खाडीत आडोशाला उभी होती, दुसरं काहीही झालं नव्हतं. ऋजू धावत आली ती मासे सांगतच. निळे, पिवळे, एक पोपटासारखा, आणि बाबांना उलटी झाली. हेमंतचा चेहरा खरोखरच पडला होता. आईची अवस्था बघून तो आणखीच घाबरला. मी थोडक्यात सांगितलं. सगळं नाही. तेवढ्यात डाबवालीने रिकामं शहाळं फोडून दोन भाग केले, सालीचाच एक तुकडा चमच्यासारखा कापून दिला आणि आईंनी हात पुढे केला.

“थोडीच मलई, हो का. जास्त नको,” डॉक्टर म्हणाले.

“थोडीच,” आई म्हणाल्या आणि दोन्ही वाट्या जवळ ओढून घेतल्या.

जन्मापासून ऋजूने आजीला नारळ फक्त कपाळाला लावताना पाहिलं होतं. “आजी, तुला चालत नाही ना?”

“आता चालतो. माझा सुटला. तुझ्या आईनं धरलाय.”

“म्हणजे आई आता नारळ खाणार नाही? कधीच?”

“कधीच,” मी म्हटलं.

हेमंत माझ्याकडे पाहत होता. त्याला यातलं अर्धंच कळलं होतं, पण गुहागरची बायको नारळ सोडते आहे एवढं पुरेसं होतं. “अगं, पण तू तर हात न राखता खोबरं घालतेस,” तो म्हणाला. “सोलकढीला मीठ किती, करंजीचं सारण जमलं की नाही, हे आता चाखून कोण बघणार?”

मी काही बोलायच्या आत आईंनी मलईचा तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावून खाल्ला आणि म्हणाल्या, “मी आहे की.”